झुंबरावरचं विष

१

गिरणाऱ्याच्या अलीकडे, सोमनाथ थेटे यांच्या नर्सरीच्या फाटकाशी हर्षाली गांगुर्डेनं स्कूटर लावली तेव्हा रविवारचे सकाळचे नऊ वाजले होते. आत मयताच्या घरी असतात तशी माणसं उभी होती. हळू बोलणारी, एकमेकांच्या नजरा चुकवणारी. फाटकाच्या खांबावर प्लॅस्टिकच्या पिशवीत मिठाईचा खोका पडला होता आणि त्याला मुंग्यांची रांग लागली होती. एवढ्या नीटनेटक्या नर्सरीत हे कुणी उचलून कसं टाकलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि गेलं.

कृषी महाविद्यालयात ती वनस्पतींचे रोग शिकवायची. शहरातल्या पुष्पप्रदर्शनाची ती तीन वर्षं परीक्षक होती, आणि तिन्ही वर्षं पहिलं बक्षीस याच नर्सरीतल्या एका झाडाला तिच्या हातून गेलं होतं. मेडिनिला हे त्याचं नाव. मूळ फिलिपाइन्सच्या बेटांवरचं, तिथल्या ओल्या जंगलात मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर वाढणारं झुडूप. हाताएवढी मोठी, जाड पानं, आणि मार्गशीर्ष संपला की त्यांच्याखाली लोंबणारे गुलाबी घोस. नाशिकच्या कोरड्या हवेत ते जगवणं म्हणजे उन्हात बर्फ सांभाळणं. थेट्यांच्या बायकोनं, चंद्रभागाबाईंनी, अठरा वर्षांपूर्वी बंगळुरूहून वीतभर फांदी आणली आणि पावसाचं साठवलेलं पाणी पाजून ती पुरुषभर उंच केली. बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. पंचक्रोशीत झाडाला 'थेट्यांचं झुंबर' म्हणत.

तेच झुंबर आता शेडनेटच्या आत काळपट तपकिरी होऊन उभं होतं. एकही घोस नव्हता.

"बघा मॅडम," सोमनाथ थेटे म्हणाले. सगळे त्यांना नाना म्हणत. त्रेसष्टीचा ताठ माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. "माझ्या बायकोला दुसऱ्यांदा मारलं. काल संध्याकाळी सहाला मी स्वतः बघून कुलूप लावलं. हिरवंगार होतं, चौदा झुंबरं लोंबत होती. सकाळी साडेसहाला दार उघडलं तर हे."

"फुलं?"

"कापून नेली. चोर काय ठेवणार?"

शेजारी उभे असलेले हवालदार वाळू बेंडकोळी खाकरले. "माणूस सापडलाय मॅडम. नानांचा जावई, संतोष पगारे. काल सात वाजून पाच मिनिटांनी फाटकावरच्या क्यामेऱ्यात दिसतोय. हातात पिशवी. दहा मिनिटं थांबला, कुंपणाच्या कडंनं गेला, परत आला. आज नानांनी सांगितलं म्हणून त्याच्या शेडमधी बघितलं, तर तणनाशकाचा क्यान. अर्धा रिकामा. चौकीत बसवलाय त्याला."

हर्षालीनं हातमोजे घातले. आधी देठ पाहिले. घोस तोडलेले नव्हते; पेरावर तिरकी कात्री लावून, झाडाला इजा होणार नाही असे कापले होते. कापलेल्या जागी खपली धरली होती. मग तिनं एक पान धरलं. ते तळलेल्या पापडासारखं मोडलं.

"तणनाशकच आहे," ती म्हणाली.

"तेच मला कागदावर पाहिजे. शनिवारी रात्री मारलं, एवढं तुमच्या सहीनं. वकील म्हणतो तज्ज्ञाचा कागद असला की शेडमध्ये घुसणं, चोरी, नासधूस, सगळं बसतं. तीन वर्षं तरी तो आत गेला पाहिजे." नाना तिच्याजवळ सरकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही गांगुर्डे, आपल्यातल्याच, म्हणून मोकळं बोलतो. माझ्या हाताखाली कलमं बांधायला शिकला आणि माझी पोरगी घेऊन गेला. यांच्यातला माणूस माझा जावई. मी दोन वर्षं गप्प बसलोय. आता नाही."

तिनं मोडकं पान पाकिटात घातलं.

"सही उद्या करते. हे झाड रोज पुसायला भागुबाई यायच्या ना? प्रदर्शनातसुद्धा फडकं घेऊन कुंडीशेजारी उभ्या असायच्या. त्या दिसत नाहीत."

इतका वेळ दगडासारखा असलेला नानांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा हलला.

"तिला सुट्टी दिलीय," ते म्हणाले. "गुरुवारपासून."

"अठरा वर्षांत पहिल्यांदा?"

नाना बाहेर गेले.

२

नानांचा मुलगा रवी द्राक्षबागेच्या बांधावर मोबाइल बघत बसला होता. तिशीचा, दाढी राखलेला.

"खरं सांगू मॅडम? झाड मेलं ते बरंच झालं," तो म्हणाला. "धरणाकडं जाणारा रस्ता आहे हा. इथं रिसॉर्ट टाकू म्हणून चार वर्षं सांगतोय. नाना म्हणतात, तुझ्या आईचं झाड आहे तोवर जमीन हलणार नाही. आता सांगा, माझा फायदा आहे की नाही?"

"आहे. मग तुम्ही मारलं का?"

रवी हसला. "मी मारलं असतं तर तिन्ही शेडं मारली असती. एकच झाड मारून मला काय मिळणार? आणि काल दुपारपासून मी वणीला होतो, मित्राच्या मुलाचं जावळ होतं. गडावर पन्नास माणसांनी बघितलंय."

"तणनाशक तुम्ही वापरता?"

"बांधावरचं गवत जाळायला. त्यातला एक क्यान बुधवारपासून गायब आहे. मी नानांना लगेच सांगितलं, भुरट्या चोऱ्या व्हायला लागल्यात, गोदामाला कुलूप लावा. तर मलाच म्हणाले, तोंड बंद ठेव." त्यानं घराकडे एकदा बघून घेतलं. "संतोष बुधवारी इकडं फिरकला नव्हता, एवढं मला माहीत आहे. पण मी त्याच्या बाजूनं बोललो तर नाना मला घराबाहेर काढतील. माझं नाव नका घेऊ."

घरात रवीची बायको संजना केर काढत होती. तिनं हर्षालीला चहा दिला आणि पुन्हा केरसुणी घेतली. ओसरीच्या कडेला एक दार होतं, त्याला कुलूप.

"ही आईंची खोली," संजना म्हणाली. "त्यांचा फोटो आहे आत. रोज मी दिवा लावते. गुरुवारी त्यांचं दुसऱ्या वर्षाचं श्राद्ध झालं आणि नानांनी कुलूपच घातलं. म्हणाले, चार दिवस तिथं कुणी जायचं नाही. मला आपलं बरं वाटत नाही हो. देवाघरच्या माणसाला अंधारात ठेवल्यासारखं."

"गुरुवारी नाना शेडमध्ये गेले होते?"

"सकाळभर तिथंच होते. श्राद्धाचं जेवण गार झालं तरी आले नाहीत. आले ते आधी अंघोळीला गेले. कपडे स्वतः धुतले. नाना कधी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः घेत नाहीत. मला वाटलं, आईंच्या आठवणीनं रडले असतील आणि कुणाला दिसू नये म्हणून."

संजनानं केर सुपलीत भरला. कुलूपबंद दाराच्या फटीखालून आलेल्या धुळीत मोहरीच्या दाण्याएवढे, गुलाबी, मऊ कण होते. हर्षालीनं चिमटीत दोन कण उचलले आणि रुमालात बांधले.

"हे काय?" संजनानं विचारलं.

"उद्या सांगते," हर्षाली म्हणाली. "तोवर ही सुपली कुणाला दाखवू नका. नानांना तर नाहीच."

३

संतोष आणि तेजल महिरावणीत दोन खोल्यांत राहत होते. अंगणात हिरव्या जाळीखाली पाऊणशे रोपं होती, त्यातली निम्मी मेडिनिलाची. वितीवितीची, टवटवीत. दारात तेजल बसली होती. मांडीवर सतरा दिवसांचं मूल. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता.

"नानांनी पाठवलंय का तुम्हाला?"

"बोलावलं त्यांनी. पाठवलं कुणी नाही."

तेजलनं तिला बसायला सतरंजी दिली. "काल दुपारी नानांचा फोन आला. लग्नानंतर पहिला. मला नाही, यांना. म्हणाले, 'संध्याकाळी सातला या, झाड प्रदर्शनाला न्यायचंय, हात लावायला या. झालं गेलं बोलून टाकू.' हे वेडे झाले आनंदानं. मुलगी झाली म्हणून बर्फी घेऊन गेले. फाटक बंद. हाका मारल्या, कुंपणाच्या कडेनं जाऊन उजेड दिसतो का बघितलं. कुणी नाही. खोका खांबावर ठेवून परत आले."

मुंग्यांची रांग हर्षालीच्या डोळ्यांपुढे आली. म्हणजे कॅमेऱ्यात दिसलेल्या पिशवीत बर्फी होती.

"आणि शेडमधला कॅन?"

"आमच्या शेडला दार आहे कुठं? कुणीही येऊन ठेवावा. आणि तणनाशक आम्ही घरात आणतच नाही. ही रोपं नुसत्या वासानं मरतील." तिनं बाळाला खांद्यावर घेतलं. "आईनंच यांना कलमं शिकवली. शेवटी अंथरुणावरून म्हणाली, संतोष, माझं झाड एका जागी ठेवू नका, वाटा. म्हणून ही रोपं. नानांना वाटतं चोरली."

"तुमचा संशय कुणावर?"

"दादावर. त्याला जमीन विकायचीय." तिनं हर्षालीच्या डोळ्यांत पाहिलं. "पण एक सांगते. माझ्या नवऱ्याला ज्यानं यात गोवलं त्याला मी सोडणार नाही. भाऊ असला तरी नाही. आमच्या घरात हे रक्तातच आहे. नानांच्या आडवं मांजर गेलं तर ते त्या मांजराचं घरदार शोधून काढतात. मी त्यांचीच मुलगी आहे. नाव कळलं की तुम्ही माझ्यापासून लपवायचं नाही. शब्द द्या."

हर्षालीनं शब्द दिला. देताना तिला तो जड वाटला.

उठता उठता तिनं विचारलं, "बाळाचं सगळं तुम्ही एकट्याच करता?"

"भागुबाई येते न्हाऊ घालायला. आईच्या वेळेपासूनची. नर्सरीतलं झाड पुसायचं आणि तिथून चालत इकडं यायचं, बाळाला तेल लावायचं. नानांना माहीत नाही. पण कालपासून आली नाही. शुक्रवारी सकाळी आली ती उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, 'माझ्या हातांची आग व्हतीय, आज लेकराला हात लावत नाय.' बोटं लाल झाली होती, फोड आल्यासारखी. तशीच गेली."

हर्षाली पुन्हा खाली बसली.

"शुक्रवारी? शनिवारी नाही?"

"शुक्रवारीच. रोज येणारी, लेकराला हात न लावता गेली तो पहिलाच दिवस, विसरेन कशी?"

४

भागुबाईची खोली गिरणाऱ्याच्या बाजारपेठेमागे होती. दाराला कडी. शेजारची बाई तांदूळ निवडत होती.

"ती कुठं घरी? दवाखान्यात हाय. शनवारी सकाळी रिक्षात घालून नेली आमच्या पोरांनी. रातभर ओकत होती. तोंड आतून सोललंय. लय बेकार हालत."

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात भागुबाई खिडकीजवळच्या खाटेवर होती. पासष्टीची, काडीसारखी, दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत. नाकाला प्राणवायूची नळी. केसपेपरवर लिहिलं होतं: शनिवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. तरुण डॉक्टरीण हर्षालीला बाजूला घेऊन म्हणाली, "काय पोटात गेलं ते सांगतच नाहीत. म्हणतात, काही खाल्लं नाही. पण लक्षणं तणनाशकाची आहेत. फुप्फुसं धरत चाललीत."

"वाचतील?"

डॉक्टरिणीनं नकारार्थी मान हलवली.

हर्षाली स्टुलावर बसली. "भागुबाई, मला ओळखलंत? फुलांच्या प्रदर्शनातली."

"वळखलं. बक्षीसवाल्या बाई." आवाज खरडल्यासारखा येत होता.

"शुक्रवारी तुम्ही झाडाकडे गेला होतात. सुट्टी दिली असताना."

भागुबाईनं नजर छताकडे वळवली. मग बोलू लागली, थांबत थांबत. अठरा वर्षांत मालकांनी तिला कधी सुट्टी दिली नव्हती. बाईंच्या श्राद्धादिवशी दिली, तेव्हा तिला वाटलं आपल्याला काढून टाकलं. शुक्रवारी उजाडताना ती मागच्या जाळीची कड उचलून आत शिरली, झाडाला एकदा बघावं म्हणून. फुलं नव्हती. पानं मलूल, चिकट, डाग पडलेली. तिला वाटलं करपा आला. तिनं फडकं भिजवून एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसलं, बाईंनी शिकवलं तसं. कामानं भेगाळलेले हात. बाहेर येऊन बसली आणि सवयीनं तंबाखू मळली.

"त्या हातांनी?"

"त्याच हातांनी. कडू लागली. म्हटलं तंबाखू खराब असंल."

"त्या शेडची किल्ली कुणाकडे असते?"

भागुबाईनं डोळे मिटले. "इचारू नका. बाईंचं मीठ खाल्लंय मी. त्यांच्या घरच्या माणसाचं नाव माझ्या तोंडून जायचं नाय."

"त्या झाडासाठी संतोषला पकडलंय. शनिवारी रात्री त्यानं औषध मारलं म्हणून."

मिटलेले डोळे उघडले. भागुबाईचा श्वास जोरात चालू लागला, नर्स धावत आली आणि तिनं हर्षालीला बाहेर काढलं. दारातून हर्षालीनं वळून पाहिलं. भागुबाई पट्ट्यांचे दोन्ही हात वर धरून त्यांच्याकडे बघत होती, जणू पहिल्यांदाच बघते आहे.

५

सोमवारी सकाळी हर्षालीनं सगळ्यांना शेडमध्ये बोलावून घेतलं. हवालदार बेंडकोळींनी संतोषला आणलं होतं. दोन दिवसांची दाढी, मान खाली. त्याच्याजवळ तेजल बाळाला घेऊन. रवी आणि संजना एका बाजूला. नाना मेलेल्या झाडाशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"तिला कशाला आणलं?" ते मुलीकडे न बघता म्हणाले.

"तिला शब्द दिलाय मी," हर्षाली म्हणाली. "नाना, कागद आणलाय. पण तुम्ही सांगितलं तसं लिहिता येत नाही. हे तणनाशक ज्या जातीचं आहे ते उजेडात काम करतं. ऊन लागेल तसं पान जळतं. अंधारात मारलं तर पान सकाळपर्यंत जवळजवळ तसंच राहतं. शनिवारी सातनंतर, अंधार पडल्यावर मारलं असतं, तर रविवारी साडेसहाला झाड तुम्हाला हिरवं दिसलं असतं. ते पापडासारखं वाळलं होतं. तेही जाळीखाली, सावलीत, जिथं हे काम आणखी सावकाश होतं. त्याला निदान दोन पूर्ण दिवसांचा उजेड मिळालाय. म्हणजे शुक्रवारच्या आधी मारलं. आणि तुम्ही सांगता, शनिवारी संध्याकाळी सहाला ते हिरवंगार होतं."

नाना हलले नाहीत. "म्हातारा माणूस. डोळ्यांना कमी दिसतं."

"चौदा झुंबरं मोजता आली तुम्हाला. ती कापली होती ती बागवानाच्या हातानं, झाडाला इजा न करता, आणि कापलेल्या जागी खपली धरली होती. ज्याला झाड मारायचंच आहे तो फुलं इतक्या मायेनं कशाला कापेल? फुलांना विष लागू नये असं वाटणाऱ्यानंच ती कापली. संजनाताई, ते कुलूप."

"किल्ली नानांकडे आहे," संजना पुटपुटली.

"गरज नाही," रवी म्हणाला आणि घराकडे गेला. कडी उचकटल्याचा आवाज आला. तो परतला तेव्हा त्याच्या हातात पितळी घंगाळ होतं. त्यात पाणी, आणि पाण्यात चौदा घोस; कडेनं कोमेजलेले, पण अजून गुलाबी. त्यांचे दाणे वाटेवर गळत आले.

"आईच्या फोटोपुढं होतं," रवी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"बुधवारी कॅन उचलला," हर्षाली म्हणाली. "गुरुवारी सकाळी फुलं कापून बाईंपुढे ठेवली, मग पाणीसुद्धा न मिसळता औषध मारलं आणि स्वतःचे कपडे स्वतः धुतले. झाड पूर्ण मरेपर्यंत आत कुणी जाऊ नये म्हणून भागुबाईंना सुट्टी दिली. शनिवारी संतोषला फोन करून कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तो इकडे वाट बघत होता तेव्हा तुम्ही फाटक बंद करून कुठे होतात? महिरावणीत, त्याच्या बिनदाराच्या शेडमध्ये."

हवालदार बेंडकोळी नानांकडे पाहू लागले. नाना उठले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. उलट ओझं उतरल्यासारखं दिसलं.

"झाड कुणाचं?" ते म्हणाले. "माझ्या बायकोचं. म्हणजे माझं. माझं झाड मी मारलं, ते कुठल्या कलमात बसतं सांगा. खोटी तक्रार म्हणाल तर दंड भरीन. पोरगी नेली त्यानं, मी गिळलं. मग झाड न्यायला लागला. फांदी फांदी करून. बाजारात लोक मला सांगायला लागले, नाना, तुमचं झुंबर आता पगाऱ्याकडं मिळतं. तिच्या हातचं झाड यांच्या अंगणात. त्यापेक्षा मेलेलं बरं. आणि मरताना त्याला घेऊन मरावं." ते हर्षालीकडे वळले. "तुम्ही तरी समजून घ्यायचं होतं. आपल्यातल्या असून."

"नाना, मी संतोषच्यातलीच आहे. मनमाडला बुद्धविहाराच्या भिंतीला भिंत लागून आमचं घर. आडनावावरून तुम्ही काय धरलं ते तुमचं."

नानांची नजर तिच्यावरून सरकली. हर्षालीला थांबता आलं असतं. ती थांबली नाही. काल रात्रभर हे वाक्य तिच्या मनात धार लावून ठेवल्यासारखं होतं, आणि ते नानांना लागावं असं तिला मनापासून वाटत होतं.

"भागुबाई सुट्टीवर राहिल्या नाहीत. शुक्रवारी जाळी उचलून आत आल्या आणि तुमचं विष पानापानावरून पुसून घेतलं, उघड्या हातांनी. दवाखान्यात आहेत. वाचणार नाहीत."

"तिला सुट्टी दिली होती मी," नाना म्हणाले. मग पुन्हा, "मी सुट्टी दिली होती तिला."

तेजल पुढे आली. तिनं आवाज चढवला नाही.

"नाना, इथलं झाड पुसून भागुबाई रोज माझ्याकडे यायची. त्याच हातांनी हिला तेल लावायची. शुक्रवारी हात भाजत होते म्हणून तिनं हिला शिवलं नाही. नाहीतर आज दोन असत्या." तिनं दुपट्याचा कोपरा बाजूला करून बाळाचा चेहरा बापासमोर धरला. "बघून घ्या. पुन्हा दिसणार नाही."

नानांनी पाहिलं. मग खुर्चीच्या पाठीला हात लावत ते खाली बसले.

तेवढ्यात हवालदारांचा मोबाइल वाजला. ते ऐकत राहिले, 'हो, हो' म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

"दवाखान्यातून. म्हातारी म्हणतीय, तहसीलदाराला बोलवा. मला सांगायचंय."

६

नाना स्वतःहून जीपमध्ये बसले. बेंडकोळींनी त्यांना अडवलं नाही.

वॉर्डात खाटेभोवती पडदा ओढला होता. नायब तहसीलदार मृत्युपूर्व जबाबाचा कागद घेऊन बसले होते, शेजारी डॉक्टरीण. भागुबाई शुद्धीत आहे असं तिनं लिहून दिलं होतं. हर्षाली पडद्याबाहेर थांबली. नाना तिच्या पुढे गेले आणि पडद्याची कड धरून उभे राहिले.

"भागुबाई," ते म्हणाले. "चुकलं माझं. तुझ्यावर नव्हतं ते. तुझा सगळा इलाज करतो, मुंबईला नेतो. बाईकडं बघ. तिच्या घराची अब्रू तुझ्या हातात आहे."

भागुबाईनं मान वळवली. अठरा वर्षांत तिनं या माणसाकडे कधी सरळ पाहिलं नव्हतं. तो आला की पदर सावरून बाजूला व्हायची.

"बाईंकडं बघूनच सांगते," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिला श्वास गोळा करावा लागत होता. "काल बाईंसाठी गप बसले व्हते. मग कळलं, संतोषला धरलाय. बाईंनी त्याला लेक मानला व्हता. रातभर इचार केला मी. त्या घराचं मीठ कुणाचं? ह्याचं नाय. बाईंचं."

तहसीलदारांनी विचारलं, "तुमचा संशय कुणावर आहे?"

"संशय नाय. शेडची किल्ली एकाकडंच. लिवा." ती थांबली. आजवर ती 'मालक' म्हणायची, किंवा काहीच नाही. "सोमनाथ गणपत थेटे. लिवलं? त्यानं मारलं झाडाला. त्यानंच मारलं मला. आन हे बी लिवा, मी माफ नाय करत. मरताना माफ करावं म्हनत्यात लोक. मी नाय करत."

नाना पडदा धरून तसेच उभे होते. हवालदार बेंडकोळींनी त्यांच्या दंडाला हात लावला, तेव्हा त्यांनी तो झटकला नाही.

तहसीलदारांनी जबाब वाचून दाखवला. भागुबाईनं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. एकदा वेळेची, एकदा गणपतच्या उच्चाराची, की तिथं न नाही, ण आहे. मग शाईचा पॅड पुढे आला आणि सगळे अडखळले. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, आत कातडी राहिली नव्हती.

"अंगठा कसा घ्यायचा?" तहसीलदारांनी डॉक्टरिणीला विचारलं.

भागुबाईनं कुणाचं उत्तर यायची वाट पाहिली नाही. तिनं चादर बाजूला सारून पाय पुढे केला. रोज गिरणारे ते महिरावणी चालून टणक झालेला पाय. डॉक्टरिणीनं पायाच्या अंगठ्याला शाई लावली, तहसीलदारांनी खाली पाटी धरून कागद टेकवला, आणि भागुबाईनं त्यावर सगळा जोर देऊन अंगठा दाबला.